कॉफीचा कप आणि सान हुआन

त्या सकाळी लिसांद्रो कोयासोसना कॉफीचा कप तोंडापर्यंत नेता येईना. कप टेबलावरून उठला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. उजव्या खांद्यातून अशी कळ निघाली की कप हातातून सुटला नाही हेच नशीब. मग त्यांनी कप परत खाली ठेवला, मान खाली घातली आणि तोंडच कपाकडे नेलं.

समोर बसून दोमितिलाबाई हे सगळं बघत होत्या.

"अहो, ही काय नवीन तऱ्हा? मांजर दूध पितं तसं?"

"कॉफी गरम आहे."

"गरम कॉफीसुद्धा माणसं हातानंच पितात. खांदा ना?"

खांदाच होता तो. पोपायानमध्ये पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीत सान हुआनचा पासो, म्हणजे संत योहानाच्या मूर्तीचा लाकडी मंच, माणसांच्या खांद्यांवरून निघतो, त्याच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याचा दांडा कोयासोस घराण्याचा. आधी वडिलांच्या खांद्यावर होता, मग यांच्या. तिथे एक घट्टा पडला होता. इतर गावांतली माणसं पाहुण्यांना घर दाखवतात, शेत दाखवतात. पोपायानमधली माणसं शर्टाचं बटण काढून खांद्यावरचा घट्टा दाखवतात.

पण आता त्या घट्ट्याच्या आतून ठणका लागला होता. रात्र रात्र झोप नव्हती. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान डाव्या हातावर कसंबसं चाललं होतं. आणि पवित्र सप्ताह येऊ घातला होता. एक वर्ष दांडा सोडला की जागा दुसऱ्या घराण्याकडे जाते, हा रिवाज. आणि भर रस्त्यात खांदा मोडून 'कातोर्से' म्हणायची वेळ आली तर? कातोर्से म्हणजे चौदा. दांड्याखाली ज्याच्यानं पुढे रेटवत नाही तो एवढा एकच शब्द म्हणतो, त्याला खालून काढतात, आणि मग त्याच्या नातवंडांच्या लग्नातही लोक तो शब्द काढतात. चौदाच का, ते कोणालाच ठाऊक नाही. पण त्यापेक्षा मरण बरं, असं पोपायानमध्ये सगळेच म्हणतात.

शेवटी दोमितिलाबाईंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबला, लिसांद्रो ओरडले, आणि बाई म्हणाल्या, "गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आता गांजाचे थेंब देऊन बघू."

लिसांद्रोंनी आधी दाराकडे पाहिलं. कोणी ऐकलं तर नाही ना?

"गांजा? मला?"

"औषधी असतो हो. जिभेखाली थेंब टाकायचे. आणि विम्यात बसतो. फक्त विमा कंपनीची मंजुरी लागते."

घरी येऊन दोमितिलाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "या घरात गांजा? माझ्या घरात? माझ्या आईला काय वाटेल!"

"तुझ्या आईला?" लिसांद्रो म्हणाले. "सान आंतोनिओच्या मूर्तीमागे जी बाटली आहे, ती कोणाची?"

आता खरं सांगायचं तर स्वयंपाकघरातल्या फळीवर, सान आंतोनिओच्या पाठीमागे, एक बाटली बाईंच्या आईच्या वेळेपासून उभी होती. तिच्यात आग्वार्दिएंते, म्हणजे आपली साधी दारू, आणि दारूत तीच हिरवी पानं. बाजारात डोंगरावरून येणारी बाई ती पानं कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवून आणायची. रोज संध्याकाळी दोमितिलाबाई त्यानं गुडघे चोळायच्या.

"ते गुडघ्याचं औषध आहे," बाई ठसक्यात म्हणाल्या. "त्याला गांजा नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"बाटली म्हणतात."

लिसांद्रोंनी बाटलीतलंच थोडं खांद्याला लावून पाहिलं होतं. पण ठणका फार आत होता, बाटली तिथवर पोचत नव्हती. तेव्हा थेंबांना पर्याय नव्हता.

विमा कंपनीच्या खिडकीसमोरची रांग म्हणजे एक दुसरा दवाखानाच. प्रत्येकाकडे सल्ला तयार. "दाढी करून आलात? चुकलात!" एक आजोबा म्हणाले. "अंगावर चांगला शर्ट आहे, कोण तुम्हाला आजारी म्हणेल?" मागची एक बाई म्हणाली, "थोडं लंगडा, डॉन लिसांद्रो, लंगडल्याशिवाय इथे काही मिळत नाही." लिसांद्रो भिडस्त माणूस. नंबर आला तेव्हा ते खरंच लंगडत खिडकीशी गेले.

"पायाचा त्रास?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"खांद्याचा."

मुलीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. "तपासनीस डॉक्टर फोन करतील. भेटत नाहीत ते कुणाला, फोनवरच बोलतात. फोन उचलला नाहीत तर परत पहिल्यापासून रांग."

झालं! तेव्हापासून तो फोन लिसांद्रोंबरोबर जेवायला बसू लागला, आंघोळीला जाऊ लागला. आणि वाजला कुठे, तर शेजारच्या घरी, मयताच्या जपमाळेच्या प्रार्थनेत. लिसांद्रो माणसं तुडवत अंगणात पळाले. आत प्रार्थना आपोआप थांबली आणि सगळे कान देऊन बसले.

"अह्-हं," फोनमधला आवाज खाकरला. "सेन्योर कोयासोस? मी तपासनीस. हे बोलणं ध्वनिमुद्रित होतंय."

"होऊ द्या, डॉक्टर."

"हात खांद्याच्या वर जातो?"

"नाही हो."

"कॉफीचा कप उचलता येतो?"

"कुठला उचलता येतोय! मान खाली घालून पितो," लिसांद्रो कळवळून म्हणाले. आतून कोणीतरी "बिच्चारा!" म्हणालं.

"अह्-हं. ओझं वगैरे उचलता? खांद्यावर, डोक्यावर, पाठीवर?"

"छे! केळ्यांची पिशवीसुद्धा बायको आणते."

"आधी कधी? मागच्या वर्षी?"

"मुळीच नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करतो मी, हमाल थोडाच आहे!"

"अह्-हं. तात्पुरतं मंजूर. पवित्र सप्ताह संपला की सोमवारी मी परत फोन करीन. मधल्या काळात ओझं उचलताना आढळलात, तर मंजुरी रद्द."

लिसांद्रो आनंदानं आत आले, शेजाऱ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं, मग सगळ्यांना मयताची आठवण झाली आणि प्रार्थना पुढे सुरू झाली.

"अहो," घरी परतताना कोपऱ्यावर दोमितिलाबाई म्हणाल्या, "आणि सान हुआन?"

"त्याचं काय?"

"तो काय हवेत तरंगत जातो?"

लिसांद्रो रस्त्यातच थांबले. बाजूनं मोटारसायकली हॉर्न वाजवत गेल्या, पण ते हलेनात.

"दोमी," शेवटी ते म्हणाले, "पासो म्हणजे ओझं नव्हे."

"अर्धा टन भरतो तो."

"भरत असेल. पण ओझं नव्हे."

ते खोटं बोलले नव्हते हो! पोपायानमध्ये पासोला ओझं म्हणताना कोणी कधी कोणाला ऐकलेलंच नाही. तिथलं शाळेतलं पोर घ्या, त्याला विचारा, तुझे बाबा ओझी वाहतात का? ते नाही म्हणेल, आणि वर रागावेल. फोनवर तो प्रश्न आला तेव्हा लिसांद्रोंच्या मनात सान हुआन आलाच नव्हता. पण हे विम्याच्या माणसाला कोण समजावणार?

यथावकाश थेंब आले. आले तेही लांब बोगोताहून, सीलबंद, थंड पेटीत, बारा जणांच्या सह्या घेऊन. इकडे समोरच्या डोंगरावर ते झाड रानोमाळ उभं होतं ते सोडा. पण थेंबांनी काम केलं. पहिल्यांदा झोप आली. आठवडाभरात कप ओठांपर्यंत पोचला. मग हातानं केस विंचरता येऊ लागले. पवित्र सप्ताहाआधी सगळं गाव घरांना पांढरा रंग काढतं, तेव्हा लिसांद्रो ब्रश घेऊन शिडीवर चढले आणि शीळ घालत वरची भिंत रंगवू लागले.

"उतरा खाली!" दोमितिलाबाईंनी शिडी गदगदा हलवली. "लोक बघताहेत. निदान कण्हा तरी थोडं!"

औषध लागू पडलं तर औषध बंद, असा तो चमत्कारिक मामला होता. आणि मिरवणूक तर टीव्हीवर सगळ्या देशाला दिसते. तपासनीस बसलेला असणार बोगोतात, पाय लांब करून, समोर टीव्ही. पुढच्या उजव्या कोपऱ्यातला माणूस म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. रात्रभर विचार करून लिसांद्रो पासोचे कारभारी डॉन वेन्सेस्लाओ यांच्याकडे गेले.

"यंदा मला मागच्या बाजूला, आतल्या दांड्याला घेता का?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉन वेन्सेस्लाओंच्या हातातली पिपियानची एम्पानादा, म्हणजे बटाट्याची तळलेली करंजी, शेंगदाण्याच्या चटणीत बुडता बुडता राहिली. "तुझे वडील त्या कोपऱ्यात उभे होते, लिसांद्रो. अजून पासो उचलला नाही, त्याआधीच कातोर्से म्हणतोस?"

"तसं नव्हे हो—"

"मग कसं?"

कसं ते सांगायची सोय नव्हती. लिसांद्रो मान खाली घालून परतले, पण बातमी त्यांच्या आधी पोचली. संध्याकाळी न्हाव्यानं दाढी करता करता उसासा टाकला. पाद्रीबाबांनी रस्त्यात थांबवून सांगितलं की मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. आणि सकाळी दार उघडलं तर नुकत्याच रंगवलेल्या पांढऱ्या शुभ्र भिंतीवर कोणीतरी कोळशानं हातभर मोठा आकडा काढून ठेवला होता: चौदा.

लिसांद्रो त्या आकड्याकडे बघत राहिले. मग आत येऊन बसले.

"दोमी, मी माझ्याच कोपऱ्यात उचलणार. कॅमेऱ्यापुढे. नाक वर करून."

"आणि थेंब बंद झाले तर?"

"झाले तर झाले," ते म्हणाले खरे. पण त्या बिनझोपेच्या रात्री त्यांना आठवल्या. पुन्हा तसंच भिंतीला टेकून उजाडायची वाट बघत बसायचं, ह्या नुसत्या विचारानं त्यांना घाम फुटला. दोमितिलाबाईंना ते दिसलं. त्या उठल्या आणि भिंतीवरचा आकडा पुसायला लागल्या.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी निळे अंगरखे घालून, पायांत दोरीच्या चपला चढवून सगळे देवळात जमले. पुढच्या आतल्या दांड्याचे म्हातारे बोलान्योस यंदा निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला होता, तोही ऐन वेळी, धापा टाकत. गोल चेहऱ्याचा, गोरटेला, चष्मेवाला माणूस. "बरीच वर्षं बाहेर होता," डॉन वेन्सेस्लाओ लिसांद्रोंच्या कानात म्हणाले. "डॉक्टर आहे. तुझ्या बाजूलाच आहे, जरा बघ त्याच्याकडे." आणि आरोळी झाली, "उचला!"

पासो उठला. मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या, चांदीचे खांब चमकले. लिसांद्रोंच्या खांद्यावर दांडा बरोबर घट्ट्यावर येऊन बसला, आणि त्यांना एकदम बरं वाटलं. वडील शेजारी असावेत तसं. पहिली गल्ली संपली. दुसरीच्या तोंडाशी बाजूचा माणूस खाकरला.

"अह्-हं."

लिसांद्रोंचं पाऊल चुकलं. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. डॉक्टर घामानं निथळत होते. पुन्हा आवाज आला, "अह्-हं."

पहिल्या विसाव्याला पासो टेकूंवर ठेवला तेव्हा लिसांद्रोंनी घसा ओला करून विचारलं, "डॉक्टर, काम कुठे करता म्हणायचं?"

"इथेच, विमा कंपनीत. मंजुऱ्या बघतो," डॉक्टर खांदा चोळत म्हणाले. "कोणाला भेटत मात्र नाही. पोपायानमध्ये तोंड दाखवलं की जो तो नात्यातला निघतो. तुमचं नाव?"

लिसांद्रोंना खोटं नाव सुचायच्या आत मागून डॉन वेन्सेस्लाओ गरजले, "कोयासोस! झोपलास काय? उचला!"

डॉक्टरांची मान गर्रकन वळली. "कोयासोस? कॉफीच्या कपाचे कोयासोस?"

पण तोवर अर्धा टन दोघांच्या खांद्यांवर येऊन बसला होता आणि बोलायची सोय उरली नव्हती. एक जण विचारू शकत नव्हता, दुसरा पळू शकत नव्हता. दोघे तसेच, खांद्याला खांदा लावून, घड्याळाच्या मनोऱ्याच्या दिशेनं निघाले. तिथेच टीव्हीचा कॅमेरा होता.

मनोरा दिसू लागला आणि डॉक्टरांचा खांदा खचू लागला. टेबलाशी बसून बसून मऊ झालेला खांदा तो, किती तग धरणार! त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ हलले. लिसांद्रोंना ऐकू आलं, "का... का..."

म्हणू दे, लिसांद्रोंच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. कॅमेऱ्यापुढे कातोर्से म्हणालेला माणूस या गावात सोमवारपर्यंत राहणार नाही. कंपनी दुसरा कोणी पाठवील, आणि त्या नव्याला कोयासोस कोण ते ठाऊकही नसेल. एका दुकानाच्या दारापासून दुसऱ्या दुकानाच्या दारापर्यंत त्यांनी तो विचार अगदी मजेत केला. मग त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. ती कळ ते ओळखत होते. तसली कळ शत्रूलाही येऊ नये.

"डॉक्टर," ते दात आवळून म्हणाले, "तो शब्द गिळा." आणि त्यांनी पाय रोवले, पाठ ताठ केली, आणि दांडा बोटभर वर रेटला, इतकाच की बाजूच्या माणसाला श्वास घेता यावा. कॅमेऱ्यानं काय टिपलं ते पुढे सगळ्या देशानं पाहिलं: सान हुआन, त्याच्याखाली निळ्या अंगरख्यांतली माणसं, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात नाक वर केलेला लिसांद्रो कोयासोस.

पुढच्या विसाव्याला दोमितिलाबाई पाणी घेऊन उभ्या होत्या. इतर बायकाही होत्याच. पण दोमितिलाबाईंच्या शालीखाली आणखी काहीतरी होतं.

"दोमी, बाटली," लिसांद्रो म्हणाले. "मला नको, ह्यांना लाव."

बाईंनी विचारपूस न करता डॉक्टरांच्या अंगरख्याचा गळा खाली ओढला आणि खसाखसा चोळायला सुरुवात केली. भोवती एक हिरवागार दर्प पसरला. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या ओळखीचं हसल्या.

"अह्-हं... सेन्योरा, हे काय आहे?"

"बाटली."

"बाटलीत काय आहे?"

"बाटलीतलं."

"पण याला मंजुरी—"

"उचला!" डॉन वेन्सेस्लाओ ओरडले.

सान हुआन देवळात परत पोचला. कोणीही कातोर्से म्हणालं नाही. डॉन वेन्सेस्लाओंनी लिसांद्रोंना मिठी मारली, न्हावी दुरून टाळ्या वाजवत होता. डॉक्टर मात्र गर्दीतून गुपचूप निघून गेले. जाताना त्यांनी एकदाच वळून पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ काय, यावर कोयासोस नवराबायकोत शनिवारभर वाद झाला. आणि शनिवारी सकाळी लिसांद्रोंना कॉफी पुन्हा मान खाली घालूनच प्यावी लागली.

सोमवारी फोन वाजला. दोमितिलाबाईंनी सान आंतोनिओपुढे मेणबत्ती लावली होती. लिसांद्रोंनी मनाशी ठरवलं होतं, खरं काय ते सांगून टाकायचं.

"अह्-हं. सेन्योर कोयासोस? हे बोलणं ध्वनिमुद्रित होतंय. खांदा कसा आहे?"

"थेंबांनी झोप लागते, डॉक्टर. पण शुक्रवारी संध्याकाळी मी—"

"विचारलं तेवढंच सांगा!" आवाज चढला. मग खाली आला. "ओझं वगैरे उचलता का?"

लिसांद्रो गोंधळले. "ओझं म्हणजे... ज्याला ओझं म्हणतात ते?"

"ज्याला पोपायानमध्ये ओझं म्हणतात, ते."

"नाही, डॉक्टर," लिसांद्रो म्हणाले. "ते नाही उचलत. कधीच नाही."

"अह्-हं. मंजूर. वर्षभर." फोन बंद झाला.

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. दोमितिलाबाईंनी डोळे पुसले आणि कॉफी ठेवायला उठल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"हे ध्वनिमुद्रित होत नाहीये," तोच आवाज, पण आता फारच बारीक. "सेन्योरा आहेत का घरात? त्याचं असं झालंय... मला तीन दिवस हात वर नेता येत नाहीये. थेंबांसाठी अर्ज केलाय, पण माझा अर्ज मला तपासता येत नाही, तो बोगोताला जातो. तिथून कधी येणार, देव जाणे. म्हणून म्हटलं, ती बाटली..."

लिसांद्रोंनी हसू दाबत फोन बायकोकडे दिला. दोमितिलाबाई खुर्चीत नीट टेकून बसल्या. त्यांनी घसा साफ केला.

"अह्-हं. हात खांद्याच्या वर जातो?"

"नाही हो, सेन्योरा."

"कॉफीचा कप उचलता येतो?"

"मान खाली घालून पितोय."

"ओझं वगैरे उचलता? खांद्यावर, डोक्यावर, पाठीवर?"

पलीकडे डॉक्टर एकदा खाकरले.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले.

दोमितिलाबाईंनी सान आंतोनिओच्या पाठीमागे हात घातला. "मंजूर," त्या म्हणाल्या. "या संध्याकाळी घेऊन जायला. आणि लंगडत येऊ नका, खांदाच दुखतोय तुमचा."